सकाळी आठची तेलपातळी

गल्लीत एकूण बावीस फाटकं. त्यातली एकवीस सोडून गाडीने नेमका गुलाबचंदजींच्या फाटकासमोर झटका द्यावा, याला उदाराम रहांगडाले योगायोग मानायला तयार नव्हते. गिअरचा दांडा 'डी'वर टाकला, गाडीने जरा विचार केला आणि मग मागून कोणी लाथ घातल्यासारखी पुढे उडाली. उदारामजींचा चष्मा नाकावरून मिशीवर आला. डाव्या सीटवरची पाच किलो तांदळाची थैली तेवढी जागची हलली नाही, कारण तिला पट्टा लावलेला होता.

थैलीला पट्टा लावणारा माणूस वेडा नसतो, एवढं आधीच सांगायला हवं. ही गाडी हुशार. शेजारच्या सीटवर वजन आलं की तिला माणूस बसल्यासारखं वाटतं, आणि पट्टा लावा म्हणून ती टुंग टुंग करत राहते. दीड वर्षापूर्वीपर्यंत तिथे त्यांच्या पत्नी दुर्पताबाई बसायच्या, पट्टा हटकून विसरायच्या आणि "हे माह्यावर कायले ओरडते?" असं रोज नव्याने विचारायच्या. त्या गेल्या. मग एके दिवशी दुकानातून आणलेली थैली त्या सीटवर ठेवली गेली, टुंग टुंग झालं, उदारामजींनी पट्टा लावला, आणि थैली काही खाली उतरली नाही. त्यातला तांदूळ कोणी शिजवला नाही.

तर झटका. गुलाबचंदजी राइस मिलमधून निवृत्त झाल्यापासून सल्ल्याच्या धंद्यात होते. व्हरांड्यातून त्यांनी पेपर खाली केला आणि म्हणाले, "रहांगडालेजी, ऑटोमेटिक का यही लफडा है. आदमी का काम मशीन को दिया, तो मशीन नखरा करेगीच." त्यांच्या पत्नी सुशिलाबाईंचं मत पडलं की बोनेटला लिंबू-मिरची नाही, म्हणून हे होतं. कोपऱ्यावरच्या दुकानदाराने बॅटरीवर संशय घेतला, दूधवाल्याने पेट्रोलमधल्या पाण्यावर. दुपारपर्यंत गल्लीत एकही माणूस असा उरला नाही, ज्याला त्या गाडीचं दुखणं कळलं नव्हतं. एवढी माणसं एकदम आपल्याशी बोलली, याचं उदारामजींना मनातून बरंही वाटलं.

शेवटी गल्लीतल्याच, बँकेत नोकरीला असलेल्या उमेंद्रने निदान केलं: गिअरचं तेल. ऑटोमेटिकचं तेल वेगळं असतं, लाल असतं आणि बदलावं लागतं. पुरावा म्हणून त्याने फोनवर तीन व्हिडिओ दाखवले. पहिला म्हणाला, चाळीस हजार किलोमीटरला बदला. दुसरा म्हणाला, साठ हजार. तिसऱ्यातला माणूस हात जोडून सांगत होता की जुन्या तेलाला हात लावू नका, गिअरबॉक्स बसेल आणि मग मला शिव्या द्याल.

उदारामजींनी नागपूरच्या एका सर्व्हिस सेंटरला फोन लावला. तिथली मुलगी गोड आवाजात म्हणाली, की ते तेल लाईफटाईम असतं. उदारामजींनी विचारलं, कोणाचं लाईफटाईम? तेलाचं, गाडीचं की मालकाचं? मुलीने त्यांना थांबायला सांगून गाणं लावून दिलं. उदारामजी अकरा मिनिटं थांबले. त्या घरात बऱ्याच दिवसांनी गाणं वाजत होतं. फोन कटला तेव्हा प्रश्नाचं उत्तर मिळालं नाही याचं नाही, पण गाणं अर्ध्यात तुटल्याचं त्यांना वाईट वाटलं.

तेलाचा प्रश्न मात्र तातडीचा होता. गाडी मूळची मुलाची, भूपेंद्रची. उदारामजींच्या डाव्या गुडघ्याने क्लचशी असहकार पुकारला, तेव्हा त्याने ती हैदराबादहून पाठवून दिली होती. झटक्याची बातमी ऐकून तो म्हणाला, "बाबा, दिवाळीला येतो तेव्हा विकून टाकू. तसंही तुम्हाला जायचं असतं कुठे?" तो काही वाईट मनाने बोलला नव्हता. म्हणूनच ते जास्त लागलं. गाडी गेली की घराच्या फाटकाबाहेर पडायला उदारामजींकडे काहीच उरणार नव्हतं, आणि दिवाळी महिन्यावर आली होती.

त्यांनी गाडीचं पुस्तक काढलं आणि शासन निर्णय वाचतात तसं पेन्सिल घेऊन वाचलं. साठ हजार किलोमीटर किंवा चार वर्षं, जे आधी येईल ते. फार ऊन, फार गर्दी असेल तर त्याहून लवकर. मीटरवर अठ्ठावन्न हजार तीनशे होते, म्हणजे मुदत बाकी होती. गाडीचं वय नऊ, म्हणजे मुदत पाच वर्षांपूर्वीच संपली होती. शिवाय गोंदियाचा मे महिना फार उन्हात धरायचा की कसं, याबद्दल पुस्तक गप्प होतं. बदलण्याआधी तेलाची पातळी मोजावी, असं मात्र स्पष्ट लिहिलं होतं. कशी मोजावी, ते पुढच्या पानावर होतं.

ते पान त्यांनी वाचलं नाही. इथेच घोटाळा झाला.

पण वाचतील कसे? उदाराम रहांगडाले पाटबंधारे खात्यात चौतीस वर्षं कालवा निरीक्षक होते. तलावाच्या पाण्याची पातळी सकाळी आठला घ्यायची, पाणी स्थिर असताना घ्यायची, वारा उठायच्या आत घ्यायची, हे त्यांनी तीन पिढ्यांच्या चौकीदारांना शिकवलं होतं. पातळी कशी मोजतात, हे आता मोटारकंपनी त्यांना शिकवणार होती काय?

दुसऱ्या दिवशी सकाळी आठला, रात्रभर शांत उभ्या असलेल्या गाडीचं बोनेट उघडून त्यांनी तेलाची पट्टी काढली, पुसली, आत घातली आणि पुन्हा काढली. तेल वरच्या खुणेच्या बोटभर वर. म्हणजे पूर्ण संचय पातळीच्याही वर.  तलाव या पातळीला आला की काय करायचं, हे झोपेतही ठाऊक असलेला माणूस तो. विसर्ग करायचा.

मेडिकलमधून त्यांनी मोठी सिरिंज आणि सलाईनची नळी आणली. दुकानदाराने पेशंट कोण म्हणून विचारलं, तेव्हा "घरचाच आहे" एवढंच सांगितलं. मग रोज सकाळी आठला पातळी आणि विसर्ग. वहीत खात्याच्या नमुन्याप्रमाणे रकाने आखले: दिनांक, वेळ, पातळी, विसर्ग मिलिलिटरमध्ये, शेरा. शेऱ्यात 'हवामान स्वच्छ'. निवृत्तीनंतर पहिल्यांदाच त्यांना सकाळी उठायला कारण मिळालं होतं. आठ दिवसांत तेल बरोबर वरच्या खुणेवर आलं. काढलेलं तेल त्यांनी बाटल्यांत भरून तारखेच्या चिठ्ठ्या लावून ओळीने ठेवलं.

नळीतून चार-दोन थेंब तेल गळायचं, ते फाटकाजवळच्या सिमेंटवर पडायचं. जुनं तेल तांबूस-तपकिरी. सुशिलाबाईंनी ते डाग पाहिले आणि त्यांच्या डोक्यात एकच अर्थ आला. संध्याकाळपर्यंत गल्लीला कळलं की बायको गेल्यापासून रहांगडालेंनी तंबाखूचा खर्रा धरला आहे आणि ते दारातच थुंकतात. उदारामजींनी आयुष्यात सुपारीसुद्धा चघळली नव्हती. चौकीदार खर्रा खाताना दिसला तर ते त्याला तलावावरून हाकलून देत. अशा माणसाच्या घरी गुलाबचंदजींची सून रेणू व्यसनमुक्ती शिबिराचा कागद घेऊन आली, सोबत वाटीभर वांग्याची भाजी. "काकाजी, तोंड रिकामं राहिलं का तलब येते," म्हणाली आणि पाच मिनिटं बसली. तिने दुर्पताबाईंची आठवण काढली.

स्वाभिमानी माणसाने तिथल्या तिथे खुलासा करायला हवा होता. उदारामजींनी केला नाही. दुसऱ्या दिवशी कढी आली, तिसऱ्या दिवशी भाकरी आणि लाखोरीची डाळ. चौथ्या दिवशी मात्र त्यांच्यातला सरकारी माणूस जागा झाला. घासलेली भांडी घेऊन ते स्वतः गेले आणि ते डाग गाडीच्या तेलाचे असल्याचं सांगून आले. सगळे हसले, सुशिलाबाई वरमल्या, आणि पाचव्या दिवसापासून वाटी बंद झाली. खरं बोलल्याचा इतका पश्चात्ताप त्यांना नोकरीतही कधी झाला नव्हता.

गाडी मात्र सुधारायच्या ऐवजी बिघडत गेली. आधी झटका तरी देत होती, आता तेही देईना. शनिवारी भर बाजारातल्या चौकात त्यांनी पाय दाबला, इंजिन कोकललं, आणि गाडी होती तिथेच. मागे ऑटोंचे भोंगे. वाहतूक पोलीस आला, त्याने खिडकीतून डोकावून पट्टा लावलेली थैली पाहिली आणि काही न विचारता उदारामजींना दोन बोटांनी बाजूला व्हायची खूण केली. शेवटी दांडा न्यूट्रलला टाकून एका ऑटोवाल्याने मागून पाय लावला आणि ढकलत ढकलत त्यांना बालाघाट रोडच्या गुड्डू मिस्त्रीच्या गॅरेजात पोचवलं. साऱ्या रस्त्याने उदारामजी स्टिअरिंग धरून ताठ बसले होते, जणू गाडी तेच चालवत होते.

गुड्डू मिस्त्री पन्नाशीचा, मोजकं बोलणारा माणूस. त्याने वही पाहिली, आठ बाटल्या पाहिल्या आणि बराच वेळ डोकं खाजवलं.

"काकाजी, तुमी बंद गाडीत नापलं का?"

"मग? पाणी स्थिर असल्याशिवाय पातळी घेता येते का?"

"हे तलाव थोडीच आहे," गुड्डू म्हणाला. "गाडी बंद असली का सारं तेल खाली येऊन बसते, मंग जास्त दिसते. चालू झाली का वर चढते, साऱ्या गिअरमंदी फिरते. हे गरम करून, चालू ठेवून नापा लागते. बसलेल्या गाडीचं माप खोटं राहते, काकाजी."

उदारामजी एका टायरवर बसले. चौतीस वर्षांत तलावाच्या मापात त्यांची सुताएवढी चूक निघाली नव्हती, आणि इथे त्यांनी आठ दिवस नेमाने, वेळ पाळून, शेरा लिहून एका चांगल्या गाडीचं रक्त काढलं होतं. ते न वाचलेलं पान गुड्डूने उघडून दिलं. तिथे हेच लिहिलं होतं, ठळक अक्षरांत.

पुस्तकात नाव दिलेलं तेल गोंदियात मिळेना. गुड्डूकडे जीपचं गिअर ऑइल होतं, पण ते या गाडीत घातलं तर ती कायमचीच बसेल, हे त्यानेच सांगितलं. नागपूरहून डबे पार्सलने मागवले, तर बसस्टँडवरच्या पार्सलवाल्याने ते अडवून ठेवले. त्याचं म्हणणं, तेल ज्वालाग्राही आहे, ते यायलाच नको होतं. उदारामजी म्हणाले, पण आलं तर आहे. तो म्हणाला, आलं असलं तरी नियमाने आलेलं नाही, तेव्हा देता येत नाही. मग परत पाठवा, म्हटलं तर ज्वालाग्राही असल्यामुळे परतही पाठवता येत नव्हतं. हा युक्तिवाद उदारामजींना मनापासून आवडला. घरी जाऊन त्यांनी विषय, संदर्भ आणि तीन प्रतींसह अर्ज लिहिला, की सदर ज्वालाग्राही वस्तूपासून आपल्या कार्यालयास असलेला धोका दूर करण्यासाठी मी ती स्वखर्चाने उचलून नेण्यास तयार आहे. पार्सलवाल्याने अर्ज दोनदा वाचला, उठून उभा राहिला आणि डबे स्वतः रिक्षात ठेवून दिले.

गुड्डूने खालचा बोल्ट खोलला. काळपट तेल निघालं ते त्याने मापात धरलं. निघेल तेवढंच नवं टाकायचं, हा कायदा. पण आधी सिरिंजने किती काढलं होतं, ते कळल्याशिवाय हिशेब लागणार नव्हता. उदारामजींनी वही पुढे केली. एकूण विसर्ग एक हजार एकशे ऐंशी मिलिलिटर. गुड्डूने बाटल्या मापात ओतून पाहिल्या. एक हजार एकशे ऐंशीच भरलं. "माप पक्कं आहे पन काकाजी तुमचं," तो म्हणाला. गेल्या पंधरा दिवसांत उदारामजींना कोणी पहिल्यांदाच मान दिला होता.

नवं तेल कुंकवासारखं लाल. ते भरून झाल्यावर गुड्डूने सांगितलं की अर्धं जुनं तेल अजून आतच असतं, तेव्हा महिन्याभराने पुन्हा एकदा बदलायचं. आणि आता गाडी तीस-चाळीस किलोमीटर चालवून गरम करायची, सपाट जागी उभी करायची, आणि चालू इंजिनवर पातळी घ्यायची.

"चाळीस किलोमीटर? कुठे जाऊ?"

"जा ना कोठी बी," गुड्डू म्हणाला आणि पुढच्या जीपखाली शिरला.

कोठी बी. उदारामजी घरी येऊन खुर्चीत बसले आणि कुठे जावं याचा विचार करायला लागले, तर एकही नाव आठवेना. आयुष्यभर ते फक्त दौऱ्यावर गेले. दौऱ्याला उद्देश लागतो, तो दैनंदिनीत लिहावा लागतो. बिनकामाचं कोणाकडे जायचं हे खातं दुर्पताबाईंकडे होतं. त्या म्हणायच्या चला, हे चालवायचे. आता चला म्हणणारं कोणी नव्हतं, आणि उद्देशाच्या रकान्यात 'करमत नाही' असं लिहायची सोय खात्याने ठेवलेली नव्हती.

मग सपाट जागेचा विचार करताना उत्तर सापडलं. गल्ली नालीकडे उतरती, गॅरेज रस्त्याकडे उतरतं. खात्रीची सपाट जागा उदारामजींना जिल्ह्यात एकच ठाऊक होती. बोदलकसा तलावाच्या पाळीखालचं, म्हणजे बांधाखालचं मैदान, जिथे दुर्बीण लावून त्यांनी स्वतः लेव्हल घेतली होती. आणि तिथून हाकेच्या अंतरावर शालीकरामचं घर. शालीकराम तलावाचा चौकीदार, वीस वर्षं सकाळी आठला पाण्यात उतरून पट्टीवरचा आकडा ओरडायचा आणि उदारामजी लिहायचे. दुर्पताबाईंच्या तेरवीला तो आला होता. "साहेब, एक डाव तलावावर या," म्हणून गेला होता. उदारामजी "येतो" म्हणाले होते.

गुरुवारी सकाळी वहीत 'दौऱ्याचा उद्देश: तेलपातळी' असं लिहून ते निघाले. तिरोड्यापर्यंत धानाच्या बांध्या पिवळ्या पडत आल्या होत्या. गाडी लोण्यासारखी चालत होती, एकही झटका नाही. शेजारी थैली पट्ट्यात बसून होती.

शालीकराम अंगणात जाळं विणत बसला होता. गाडी ओळखून उठला, पण लगबग काही केली नाही.

"दीड साल लागलं, साहेब," तो म्हणाला. "पन्नास किलोमीटर यायले."

उदारामजींनी घाईघाईने तेलाचं सारं प्रकरण सांगितलं, म्हणजे आपण असेच आलेलो नाही हे स्पष्ट व्हावं. शालीकरामने सारं ऐकून घेतलं आणि मैदानाकडे जायला म्हणून डाव्या बाजूचं दार उघडलं. सीटवर थैली होती. छातीवरून पट्टा, कमरेवरून पट्टा. तो बराच वेळ पाहत राहिला. माझ्या घरी तीन एकराचं धान आहे आणि साहेब तांदूळ घेऊन कायले आले, असं काहीतरी तो एरवी बोलला असता.  दार हळूच लावून तो गाडीच्या पुढे पुढे पायी चालत गेला.

मैदानावर इंजिन चालू ठेवून उदारामजींनी दांडा सगळ्या गिअरांतून फिरवून 'पी'वर आणला, हँडब्रेक ओढला. शालीकरामने चष्मा लावून पट्टी काढली, पुसली, घातली, काढली. पाळीकडून वारा येत होता. आणि वीस वर्षं ओरडायचा तसाच, दोन हात अंतरावरच्या माणसाला ऐकू जावं म्हणून तो ओरडला, "दोन खुनांच्या मधात, बरोब्बर मधात!"

उदारामजींनी लिहिलं. खाली रेघ मारली. पेनाला टोपण लावलं. आणि टोपण लावताना त्यांना कळलं की काम संपलं. पातळी बरोबर, गाडी ठीक, उद्देश सफल. आता इथे थांबायला कारण नव्हतं आणि पुन्हा यायलाही नव्हतं. गाडी दुरुस्त झाल्याचं इतकं वाईट वाटेल, असं त्यांना वाटलं नव्हतं. ते म्हणाले, "चला, निघतो मग."

शालीकराम पट्टी फडक्याने पुसत राहिला. घाई नसल्यासारखी, दोन्हीकडून.

"एका रीडिंगवर भरोसा ठेवून राहिले साहेब? याच जाग्यावर माले झापत होते तुमी, एका दिवसाच्या आकड्याले आकडा म्हनत नाही म्हनून."

"पुस्तकात एकदाच घ्या म्हटलंय."

"पुस्तकवाल्यानं कोठी तलाव पायला?" शालीकराम म्हणाला. "हप्त्यावारी घ्या लागन. दर गुरवारी. इथंच, सपाट जाग्यावर. मी वाचतो, तुमी लिवा."

  उदारामजींनी टोपण काढलं आणि शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं: 'एका वाचनावर निष्कर्ष काढणे योग्य नाही. पुढील वाचन गुरुवारी.'  'तुम्हाला जायचं असतं कुठे' असं भूपेंद्रने दिवाळीत पुन्हा विचारलं, तर आता वही दाखवता येणार होती.

"आता घरी चाला, जेवा लागन," म्हणत शालीकरामने डावं दार उघडलं. या खेपेला त्याने पट्टा सोडला, थैली दोन्ही हातांनी उचलून मागच्या सीटवर ठेवली, आणि स्वतः बसला. गाडी लगेच टुंग टुंग करायला लागली.

शालीकराम दचकला. "हे माह्यावर कायले ओरडते?"

उदारामजी दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवून समोरच्या काचेकडे बघत राहिले. गाडी ओरडत होती, त्यांनी तिला जरा ओरडू दिलं.

"पट्टा लाव," ते म्हणाले. "माणूस बसला की ओरडते ती."

थैलीवरही ओरडते, हे त्यांनी सांगितलं नाही.